बुकऱ्याचं गाणं

ओमानमध्ये अल् घुब्रातल्या आमच्या दोन खोल्यांत सगळ्यात मोठा आवाज एसीचा होता. खिडकीत बसवलेलं ते धूड एकदा सुरू झालं की घरात प्रत्येकाला ओरडून बोलावं लागे. पप्पांना त्याचं काही वाटत नसे. ते शटरिंगचे सुतार, दिवसभर फळ्यांवर खिळे ठोकणाऱ्या माणसांत वावरायचे आणि घरीही ओरडूनच मीठ मागायचे. स्वयंपाकघरात मात्र एसी नव्हता. तिथे आयचं, म्हणजे माझ्या आईचं, राज्य होतं. गारवा वाया जाऊ नये म्हणून ती मधलं दार लावून घ्यायची आणि आत एकटीच घामाने निथळत तांदळाच्या रोट्या थापायची, सुरमईला मसाला चोळायची आणि गायची. तिची समजूत अशी, की एसीच्या घरघरीत आपलं गाणं कोणाला ऐकू जात नाही. मला जायचं, कारण अभ्यासाच्या नावाखाली मी त्या दाराला पाठ टेकूनच बसायचे.

वसईला आमच्या गावात लग्न ठरलं की बायका मसाला कुटायला जमायच्या आणि कुटता कुटता नवऱ्याकडच्यांची टर उडवणारी गाणी जुळवायच्या. आय त्यात पटाईत होती. तिच्या तोंडी सापडायला नको म्हणून गावातले पुरुष म्हणे वाट बदलून जायचे. ओमानला आल्यावर मसाला बाटल्यांत भरून सामानातून यायला लागला, कुटणं संपलं, पण तिची गाणं जुळवायची खोड काही गेली नाही. गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसावर गाणं, मला गणितात नापास करणाऱ्या टीचरवर गाणं, गावाहून आलेली सुकेळी विमानतळावर उघडून हुंगणाऱ्या साहेबावर गाणं. कालवणासारखीच ती गाणी त्या त्या दिवशी संपायची. एक सोडून. ते अजून संपलेलं नाही, आणि त्याचा जन्म कसा झाला हे पूर्ण सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

आम्ही इथे येण्याआधीची गोष्ट. पप्पा नवीनच ओमानला आले होते आणि रुस्ताकच्या बाजाराजवळ दुकानांची एक रांग बांधायचं काम चाललं होतं. दहा माणसं, एक खोली, एक स्टोव्ह. त्या माणसांत दापोलीकडचे दाऊदभाई होते, ते पुढे जन्मभर आमच्या घरातलेच झाले. दुकानांचा पहिला स्लॅब भरून झाला. आता आमच्याकडे रीत अशी, की स्लॅब भरला की मालकाने कामगारांना मटणाचं जेवण घालायचं. त्याशिवाय घर लाभत नाही असं आमचे गवंडी-सुतार मालकाला अगदी तोंड गंभीर करून सांगतात. पप्पांनी ती रीत रुस्ताकला लावली. अर्बाब, म्हणजे तिथला मालक, गाडीत बसत होता, त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "अर्बाब, स्लॅब खलास," आणि पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली. अर्बाबला घाई होती. तो म्हणाला, "बुकरा, बुकरा, इन्शाल्ला," आणि गेला.

बुकरा म्हणजे उद्या. हे आज इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण पप्पांना येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यांनी ऐकलं, बकरा. तेही दोनदा. ते धावतच खोलीवर आले आणि सगळ्यांना सांगितलं, की अर्बाब देवमाणूस आहे, जेवणाचं नाव काढलं तर एकदम दोन बकरे बोलला. दुसऱ्या दिवशी दहाही जण कामाला लागले. पप्पांनी अंगणात खुंटा ठोकला आणि नवा दोर बांधला. कोणी शेजारच्या कॅम्पातून मोठा टोप मागून आणला, कोणी शेरभर कांदे चिरले. दाऊदभाईंनी सुरी पाजळली. ते रोज पहाटे कुराण वाचायचे, पण बाजारातलं अरबी त्यांना पप्पांइतकंच येत होतं. अर्बाब आला, स्लॅब बघितला, हात हलवत निघाला. पप्पांनी गाडीच्या मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "अर्बाब, बकरा?" अर्बाबला वाटलं, हा उद्याचं विचारतोय. तो आनंदाने म्हणाला, "ऐवा, बुकरा!" म्हणजे हो, उद्या. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कांदे वाया जायला लागले, तेव्हा दहा जणांनी मटणाचा सगळा मसाला डाळीत घातला आणि नाक पुसत जेवले. चौथ्या दिवशी रुस्ताकच्या बाजारातल्या एका गुजराती दुकानदाराने बुकऱ्याचा अर्थ सांगितला. त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत, असं दाऊदभाई सांगायचे.

आम्ही इथे आल्यावर एका दुपारी पप्पांनी ही हकिकत आयला सांगितली. सांगताना स्वतः हसले आणि मग लगेच म्हणाले, "हे कोणाला बोलायचं नाय हां. माज्या हाताखाली आता चौदा माणसं हायत." कारण तोवर ते फोरमन झाले होते. मनवेल फोरमन म्हटलं की साइटवर माणसं विडी विझवायची. आयने मान डोलावली, माझ्याकडूनही कबूल करून घेतलं, आणि दोन दिवसांनी दाराच्या आतून मला ऐकू आलं:

अर्बाब बोलला बुकरा गो बाय, अर्बाब बोलला बुकरा
कानात माज्या बें बें करतो गावचा काला बकरा

खुटा ठोकला, दोर बांदला, कांदे चिरले शेरभर
अर्बाब आला हात हलवत, बकरा नाय गाडीवर

डाल शिजली, भात शिजला, मसाला झाला जास्त
बकऱ्याबिगर बकऱ्याचा रस्सा धा जनांनी फस्त

नाव कुणाचं नव्हतं. तिने नवऱ्याला दिलेला शब्द मोडला नव्हता, फक्त जरा वाकवला होता. पप्पांनी ऐकलं तेव्हा आधी कपाळाला हात लावला आणि मग इतके हसले की खोकला लागला. घरातल्या घरात, दार लावून, ते गाणं तिने म्हणावं आणि त्यांनी टेबलावर ठेका धरावा, हे आमच्याकडे कितीतरी दिवस चाललं. माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा आवाज कोणता असं मला कोणी विचारलं, तर मी तो ठेका सांगेन.

मग एका शुक्रवारी बस्त्याव अंकल जेवायला आले. ते आमच्याच बाजूचे, एका मोठ्या हॉटेलात वेटर. गिटार वाजवायचे, गळा गोड, आणि येताना हॉटेलातले पाव आणायचे म्हणून मला फार आवडायचे. जेवणाआधी ते टेबलाशी बसले होते, पप्पा अंघोळीला गेले होते, आणि आपलं नेहमीचं धूड मध्येच धापा टाकून बंद पडलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत मधल्या दाराच्या आतून आयचं पूर्ण गाणं, तिन्ही कडव्यांसकट, खणखणीत बाहेर आलं. बस्त्याव अंकलनी दोनदा ऐकलं असेल. त्यांना तेवढं पुरे होतं. पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी बारशाला त्यांनी ते गिटारवर म्हटलं, कोणीतरी टेपवर घेतलं, त्या टेपेवरून दुसरी टेप झाली, आणि बघता बघता वसईची, पालघरची, रत्नागिरीची माणसं जिथे जिथे एका खोलीत दहा-दहा राहत होती तिथे तिथे ते वाजायला लागलं. "कुणाचं गाणं?" विचारलं की उत्तर यायचं, "बस्त्यावचं." बस्त्याव अंकल नुसते हसायचे. तो बकऱ्याची वाट बघणारा वेडा म्हणे सोहारचा एक प्लंबर होता. कोणी म्हणे सलालाचा पेंटर. प्रत्येकाचा कोणी ना कोणी चुलतभाऊ त्याला स्वतः भेटला होता.

आज मी साठीला टेकले आहे आणि त्या गाण्याने कुठवर मजल मारली ते बघून मलाच हसू येतं. वसईतल्या लग्नांत डीजे ते अशा वेगात लावतात की शब्द ओळखू येत नाहीत, पण बें बें आलं की म्हाताऱ्यासुद्धा उठून नाचतात. दाऊदभाईंच्या गावाकडे त्याला दोन जादा कडवी जोडली आहेत, ती माझ्या मते फारशी बरी नाहीत. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, आमच्या पट्ट्यात नुसत्या वायद्यांवर झुलवण्याला आता "बुकरा देणे" असंच म्हणतात. निवडणुकीचा उमेदवार बुकरा देतो, नळ दुरुस्त करणारा बुकरा देतो. मागच्या खेपेला एसटीच्या कंडक्टरने सुट्टे पैसे मागणाऱ्या बाईला सांगितलं, "मावशी, बुकरा नाय देत, उतरताना देतो." त्याला हा शब्द अरबी आहे हे ठाऊकही नसेल. माझ्या आयने एक शब्द मराठीत आणून सोडला. किती शिकल्यासवरल्या माणसांना ते जमलं आहे?

पण तेव्हा ते बस्त्यावचं गाणं होतं आणि मला त्याचा भयंकर राग येत होता. शाळेच्या बसमध्ये पोरी ते गायच्या. एक दिवस मला राहवलं नाही, मी म्हटलं, "माय मम्मी मेड धिस साँग." पुढच्या सीटवरची मुलगी वळली आणि म्हणाली, "लायर! इट्स बस्त्याव अंकल्स. माझ्या डॅडीकडे टेप आहे." सगळी बस हसली. घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि रडत रडत आयला विचारलं, की तू का सांगत नाहीस. आयने रोटी उलटली. म्हणाली, "गानं सांगितलं की मानूस सांगायला लागतो, बाय. लोक विचारतील, तुला कसं ठावं? मंग पप्पांचं नाव येनार. ती चवदा मानसं त्यांचं ऐकतील का उद्या?" मी म्हटलं, "पण गाणं तुझा आहे!" ती म्हणाली, "गानं तुझं. तुझा नाय." एवढं झालं तरी माझी मराठी सुधारायची तिला सवड होती. पप्पा तेव्हा दारात बूट काढत होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी मीठसुद्धा हळू आवाजात मागितलं.

थंडीच्या दिवसांत वसईवाल्यांची सहल अझैब्याच्या किनाऱ्यावर असायची. शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग सगळे टोप, चटया, पोरंबाळं घेऊन समुद्रावर. मी आता तिथून दहा मिनिटांवर राहते आणि रोज त्या वाळूत फिरायला जाते. तेव्हा आजच्यासारखी गर्दी नसायची, मोकळा किनारा आणि मासेमारीच्या दोन-चार होड्या. पप्पांनी त्या वर्षी आपल्या साइटवरच्या पोरांनाही बोलावलं होतं. ती दहा-बारा जणं एका चटईवर अवघडून बसली होती, कारण फोरमन समोर स्वतः दगडांवर जाळी ठेवून मासे भाजत होता. आणि पाहुणा म्हणून आला होता मिंगेल, वसईचा कॅसेटवाला. बहिणीकडे आला होता, सोबत टेपरेकॉर्डर आणि वही. आखातातल्या आपल्या लोकांच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती त्याला, छापील कव्हरासकट, आणि पहिलं गाणं अर्थातच बुकरा.

बस्त्याव अंकलनी गायलं. सगळ्यांनी टाळ्यांवर साथ दिली. मग मिंगेलने वही उघडली आणि विचारलं, "गायक बस्त्याव. गीत कोणाचं लिहू? कव्हरवर जानार, नीट सांगा." बस्त्याव अंकल तारांवरून बोट फिरवत म्हणाले, "लिवा ना, आपलंच."

मी उभी राहिले. भीतीने असलेली मराठीही पळाली. "अंकल, तो गाणं तुमचा नाय," मी म्हटलं, "माझ्या मम्मीने केला." लोक हसले, काही माझ्या धिटाईला, काही माझ्या मराठीला. बस्त्याव अंकलही हसले. ते वाईट माणूस नव्हते, पण इतक्या लोकांत आता त्यांना माघार घेता येईना. म्हणाले, "बरं फिलू. तुझ्या मम्मीने केलं. मग सांग, तो खुंटा ठोकून बसलेला येडा कोण? ज्याने गाणं केलं त्याला ठाऊक पायजे ना?"

मला ठाऊक होतं. आणि तेवढंच एक मला सांगता येत नव्हतं. मी आयकडे बघितलं. ती पदराने हात पुसत पुढे आली, माझा दंड धरला आणि मिंगेलला म्हणाली, "पोरीचं नका ऐकू, भाऊ. लिवा बस्त्यावचं नाव." इतकं सरळ, जणू कांदे किती घालायचे ते सांगते आहे. मिंगेलने पेनचं टोपण काढलं.

"लिवू नका!" हा साइटवरचा आवाज होता. त्या आवाजाला चटईवरची पोरं सवयीने उठून उभी राहिली. पप्पांनी चिमटा वाळूत खोचला आणि काजळीचे हात तसेच घेऊन ते मध्ये आले. आय पुटपुटली, "अहो, र्‍हाऊ दे." त्यांनी तिच्याकडे न बघता मिंगेलला सांगितलं, "गाणं हिचं. येडा मी."

कोणी हसलं नाही. पप्पा खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कोणाला काय करावं ते सुचेना. मग पप्पांनी सगळी हकिकत सांगितली. पाच बोटं तोंडाकडे कशी नेली, गाडीच्या मागे वाकून कसं बघितलं, काहीही न लपवता. खुंट्यापर्यंत आले तेव्हा एक पोरगं फिसकन हसलं आणि हात तोंडावर दाबून पप्पांकडे बघायला लागलं. पप्पा म्हणाले, "हस ना. माझी बायको याच्यावर दोन वर्षं हसते." तिथून जो हशा उठला तो थांबेना. सहलीला आलेले दाऊदभाई डोळे पुसत ओरडले, "अरे, सुरी मी पाजळली होती, मला का सोडता?" बस्त्याव अंकलची मान खाली गेली होती. पप्पा त्यांना म्हणाले, "बस्त्याव, चौथं कडवं म्हण." ते म्हणाले, "चौथं कुठलं?" ते आयने नंतर जुळवलं होतं आणि आम्हां तिघांशिवाय कोणी ऐकलं नव्हतं. पप्पांनी आयकडे बघितलं. चाळीस-पन्नास माणसांसमोर, उघड्या आभाळाखाली, दार न लावता, आय पहिल्यांदा गायली:

एनओसीलाबी बुकरा बोलला, नवरा पुन्ना फसला
इमानातून मी उतरली, तवा कुटं हसला

एनओसी म्हणजे आम्हाला इथे आणायचा परवाना. त्यासाठीही पप्पांनी वर्षभर बुकरा ऐकला होता, आणि तिथे बसलेल्या एकूण एक माणसाने ऐकला होता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले आणि पुरुष उगाच समुद्राकडे बघायला लागले. मग सगळ्यांनी ते कडवं पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा बस्त्याव अंकलनी मान खाली घालूनच गिटारवर साथ दिली. नंतर ते आयजवळ आले. म्हणाले, "वयनी, चुकलं. घरात बायका म्हणतात ते गाणं मला वाटलं कोणाचंच नसतं." आयने त्यांच्या हातात भाजलेल्या माशाची बशी दिली. त्यांच्यावर गाणं करायची एवढी चांगली संधी तिने सोडली, याचं मला अजून नवल वाटतं.

शनिवारी साइटवर बें बें झालंच. पप्पा म्हणाले, "करा. धा मिनिटं करा." दहा मिनिटं झाली, मग त्यांनी मोजायची टेप काढली, एका पोराची फळी दोन सूत वर निघाली, ती त्यांनी काढून पुन्हा ठोकायला लावली. पोराने मुकाट्याने ठोकली. जी इज्जत आय एवढी जपत होती, ती कोणी घेऊन जाऊ शकत नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, काहींच्या हाताखाली कामही केलं. त्या दिवशी वाळूत उभ्या राहिलेल्या माझ्या बापाएवढा मोठा मला कोणी दिसला नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

कॅसेट यायला तीन-चार महिने लागले. गावाहून येणाऱ्या एका माणसाने सुक्या बोंबलांच्या पिशवीतून आणून दिली, त्यामुळे कव्हराला वास येत होता. आयने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि कव्हर खिडकीच्या उजेडात धरलं. तिला छापील मराठी सावकाश वाचावी लागे. पहिली ओळ: गीत, रेजिना मनवेल. स्वतःचं नाव तिने दोनदा वाचलं. दुसरी ओळ: गायक, बस्त्याव. मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून तिने कव्हर माझ्याकडे केलं, आपण बरोबर वाचतो आहोत ना म्हणून. तिथे छापलं होतं: बकरा, मनवेल.

"अहो," ती एसीवर आवाज चढवून ओरडली, "ह्ये काय छापलंय त्या मिंगेलनं? साऱ्या वसईत गेलं की हे!"

पप्पा जेवत होते. म्हणाले, "त्याने नाय, मी लिवायला लावलं. माझ्यासमोर लिवून घेतलं."

"पन का?"

पप्पांनी घास खाली ठेवला. "तुझ्या नावाच्या खाली माझंबी नाव पायजे होतं," ते म्हणाले. "त्या गाण्यात मी दुसरं काय केलं होतं?"